वाट पाहणारा कोड

वेब ब्राउझर माणसासाठी घडवला गेला. डोळ्यांनी वाचायचे, माउसने क्लिक करायचे, रकाने भरायचे आणि समोर काही दिसले नाही तर क्षणभर थांबायचे, हे सगळे गृहीत धरूनच त्याची रचना झाली. हीच कामे प्रोग्रॅमकडून करून घ्यायची, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. हिंजवडीतल्या कंपनीत टेस्टिंग करणाऱ्याला त्याची रोज गरज पडते. एकच फॉर्म शेकडो वेळा भरावा लागणारा कर्मचारी आणि सार्वजनिक संकेतस्थळांवरून आकडेवारी गोळा करणारी संशोधक यांनाही तो तितकाच उपयोगी आहे. थोडेफार पायथन किंवा जावास्क्रिप्ट येत असेल, तर या क्षेत्राचे दार उघडेच आहे.

सुरुवातीला थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या साधनांचे स्वभाव त्यातूनच कळतात. २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स हे वेळ आणि खर्चाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अंतर्गत वेब ॲप्लिकेशनवर काम करत होते. दर बदलानंतर त्याच त्या तपासण्या हाताने करण्याऐवजी त्यांनी त्या जावास्क्रिप्टमधून करून घेतल्या. त्यातून सेलेनियमचा जन्म झाला. पण हा कोड पानाच्या आत राहून चालत असे, आणि एका संकेतस्थळावरच्या स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालू द्यायचा नाही, हा तर ब्राउझरच्या सुरक्षेचा पायाच. त्यामुळे तपासणीचा कोड त्याच सर्व्हरवर ठेवावा लागे, नाहीतर मध्ये प्रॉक्सी बसवावी लागे. सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ही कोंडी फोडली. ब्राउझरला आतून हलवण्याऐवजी त्यांनी बाहेरून आज्ञा द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र आणण्याचे ठरले, २०११ मध्ये सेलेनियम २ आले आणि ५ जून २०१८ रोजी वेबड्रायव्हर हे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाले. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोलाची घटना हीच. तोवर बाहेरच्यांनी धडपडून मिळवलेली सोय तेव्हापासून ब्राउझर बनवणाऱ्यांची जबाबदारी झाली.

या मानकाप्रमाणे एक साधा क्लिक कसा होतो ते जवळून पाहू. तुमचा कोड तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या ड्रायव्हर या मध्यस्थ प्रोग्रॅमला एचटीटीपी विनंती पाठवतो. ड्रायव्हर ब्राउझर उघडतो आणि सेशनचा क्रमांक परत देतो. मग 'अमुक बटण शोध' अशी विनंती जाते आणि उत्तरादाखल त्या बटणाची ओळख सांगणारी एक लांबलचक अक्षरमाळ येते. ती अक्षरमाळ घेऊन 'यावर क्लिक कर' असे सांगितले, की गरज असल्यास ब्राउझर पान सरकवून बटण दृष्टीच्या टप्प्यात आणतो, त्याच्या दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढतो आणि त्या बिंदूवर दुसरे काही आडवे आले आहे का ते पाहतो. कुकीची परवानगी मागणारी पट्टी बटणावर पसरली असेल, तर क्लिक होत नाही, एरर येते. नवशिके इथे वैतागतात. पण माणसालाही त्या क्षणी ते बटण दाबता आले नसते, आणि ही एरर नेमके तेच सांगत असते.

२०१७ मध्ये क्रोम खिडकी न उघडता, म्हणजे हेडलेस, चालू लागला आणि त्याच वर्षी गूगलने पपेटिअर आणले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट आले. 'यातले कोणते शिकू?' हा प्रश्न सगळे विचारतात. कोणतेही एक घ्या. साधने बदलत राहतात, पण ज्या दोन गोष्टी खरोखर शिकायच्या त्या सगळीकडे सारख्याच आहेत: पानातली नेमकी वस्तू ओळखणे आणि ती तयार होईपर्यंत थांबणे.

यातले थांबणे अधिक अवघड. आजचे पान एका दमात येत नाही. आधी सांगाडा येतो, मग माहिती येते, मग स्क्रिप्ट काही भाग पुसून नव्याने काढते. कोडचा वेग माणसाच्या कितीतरी पट, त्यामुळे तो रिकाम्या जागेवर जाऊन थडकतो. यावर पहिला उपाय सुचतो तो 'पाच सेकंद थांब' असे लिहिण्याचा. हा उपाय घातक आहे. नेट संथ असेल त्या दिवशी पाच सेकंद पुरत नाहीत, आणि एरवी प्रत्येक पायरीला वेळ वाया जातो. कधी पास, कधी फेल होणाऱ्या अशा टेस्टला टीममध्ये 'फ्लेकी' म्हणतात, आणि एकदा का तो शिक्का बसला की तिच्या खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही. म्हणून घड्याळावर विसंबू नये, अट घालावी: बटण दिसू लागेपर्यंत, यादीत निदान एक ओळ येईपर्यंत, 'लोड होत आहे' ही खूण जाईपर्यंत थांब, आणि कमाल मर्यादा इतकी. प्लेराइट क्लिक करण्यापूर्वी वस्तू दिसते का, स्थिर आहे का, चालू स्थितीत आहे का, हे स्वतःच तपासते. तरीही तुमच्या पानाच्या दृष्टीने 'तयार' म्हणजे काय, हे तुम्हालाच ठरवावे लागते.

वस्तू ओळखण्याबाबत मराठी पानांवर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. बटणावरच्या मजकुरावरून बटण शोधणे सोयीचे असते, पण 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, एकदा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही हा भेद मिटत नाही. आकड्यांचेही तसेच. '१२' हे देवनागरी अंक पायथन पूर्णांक म्हणून बिनतक्रार स्वीकारते, पण जावास्क्रिप्टमध्ये त्यांचे रूपांतर केले तर 'संख्या नाही' असे उत्तर मिळते. शक्य असेल तिथे तपासणीसाठी मुद्दाम ठेवलेली आयडी वापरावी.

दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर कोड चालवण्यापूर्वी त्यांच्या अटी आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल वाचायलाच हवी. यंत्रांनी कुठे फिरकू नये हे सांगणारी ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली आणि २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. वेबड्रायव्हरच्या मानकातही ब्राउझर कोडच्या ताब्यात असल्याचे पानाला कळावे, अशी सोय आहे. ती लपवण्याच्या क्लृप्त्या सर्रास शिकवल्या जातात. या पुस्तकात त्या नाहीत. दुसऱ्याच्या सर्व्हरचा भार आणि लोकांची खासगी माहिती यांचा मान राखूनही इथे भरपूर काम करता येते.

पहिला सराव स्वतःच्याच पानावर करावा. एक छोटी एचटीएमएल फाइल लिहा. तीत एक बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर तीन सेकंदांनी एक ओळ उमटू द्या. बटण दाबून ती ओळ वाचणारा कोड लिहा. तो चालला, की तीन सेकंदांच्या जागी एक ते दहामधला कोणताही यादृच्छिक आकडा टाका आणि कोडला हात न लावता तो पुन्हा पुन्हा चालवा. प्रत्येक वेळी ओळ बरोबर वाचली गेली, तर पहिल्या प्रकरणाकडे वळायला हरकत नाही.