माजी सैनिकांमधील दीर्घकालीन वेदना (अमेरिका)

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. अमेरिकेतील माजी सैनिकांमध्ये वेदनेचे प्रमाण इतर नागरिकांपेक्षा अधिक आढळते. २०१० ते २०१४ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात मागील तीन महिन्यांत वेदना जाणवल्याचे ६५.६ टक्के माजी सैनिकांनी सांगितले. इतरांमध्ये हे प्रमाण ५६.४ टक्के होते.

मानसिक आरोग्यावरील परिणाम

वेदनेमुळे झोपमोड होते, वावर कमी होतो आणि नैराश्य बळावते. नैराश्य व आघातोत्तर तणाव विकारामुळे वेदना अधिक तीव्र भासते. तीव्र वेदनेचा आत्महत्येच्या धोक्याशीही संबंध आढळतो.

उपचार

अफूवर्गीय वेदनाशामकांचा अतिवापर रोखण्यासाठी माजी सैनिक व्यवहार विभागाने २०१३ मध्ये उपक्रम सुरू केला. मात्र ही औषधे एकाएकी थांबविल्यासही आत्महत्येचा धोका वाढू शकतो. म्हणून त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवून व्यायाम व मानसोपचाराची जोड दिली जाते.