इंद्रियदौर्बल्य आणि शरीरातील पाण्याचा तोल : शुश्रूषेची दुहेरी कसोटी

पलंगाशेजारच्या स्टुलावर सकाळी पाण्याने भरलेला पेला ठेवला जातो आणि संध्याकाळी तो तसाच उचलला जातो. 'आजोबा पाणीच पीत नाहीत,' असे घरचे सांगतात. प्रत्यक्षात मोतीबिंदूमुळे आजोबांना तो पेला दिसलेला नसतो, 'पाणी हवे का?' हा प्रश्न ऐकू आलेला नसतो आणि वयोमानाने तहानही पुरेशी लागलेली नसते. दोन-तीन दिवसांत ते असंबद्ध बोलू लागतात आणि 'वय झाले' एवढ्यात निदान उरकले जाते. दृष्टी, श्रवण वा स्पर्शसंवेदना मंदावलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेत पाण्याचा प्रश्न किती गुंतलेला असतो, याची कल्पना या न उचललेल्या पेल्यावरून येते.

शरीरातील पाणी

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि वार्धक्यात ते आणखी घटते. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश पेशींबाहेर असते. पाण्याची ही वाटणी सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांवर अवलंबून असते. रक्तातील सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट या मर्यादेत राहावे लागते. सोडियम झपाट्याने घसरले की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात. मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण आणि अखेर झटके अशी लक्षणे दिसतात. पोटॅशियम कमी-जास्त झाल्यास स्नायू दुबळे होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

लघवी आणि घाम यांखेरीज श्वासावाटे आणि त्वचेवाटे रोज सुमारे ८०० मिलिलिटर पाणी नकळत जात असते. ताप आला, धाप लागली किंवा उन्हाळा कडक असला की ही न दिसणारी गळती वाढते. वृद्धाच्या शरीरात मुळातच राखीव पाणी कमी असल्याने तरुणाला न जाणवणारी तूटही त्याला भोवते.

तहान हेही एक संवेदन

रक्त किंचित दाट झाले की मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला त्याची जाणीव होते. तेथून तहानेची भावना निर्माण होते आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा संदेश जातो. डोळे आणि कान यांप्रमाणे ही यंत्रणाही वयोपरत्वे बोथट होते. १९८४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवण्यात आले. शरीरातील पाणी घटल्याचे रक्तावरून स्पष्ट दिसत असूनही वृद्धांना तहान कमी जाणवली आणि नंतर पाणी समोर असताना त्यांनी ते कमीच प्यायले. 'तहान लागली की मागतील' हा घरोघरचा भरवसा वृद्ध रुग्णाच्या बाबतीत म्हणूनच फसवा ठरतो.

याला आणखी एक कारण जोडलेले असते. ज्याला दिसत नाही किंवा आधाराशिवाय चालता येत नाही, त्याला प्रत्येक वेळी लघवीसाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. या संकोचापायी अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, जाणूनबुजून पाणी कमी पितात. अनुभवी परिचारिका पाण्याबरोबरच 'बाथरूमला नेऊ का?' हेही आपणहून विचारते. मागण्याची वेळ आली नाही, की पाणी टाळण्याचे कारणही उरत नाही.

भ्रमावस्था टाळता येते

दृष्टिदोष, श्रवणदोष आणि निर्जलीकरण हे तिन्ही घटक रुग्णालयातील वृद्धांमध्ये भ्रमावस्थेला निमंत्रण देतात. अमेरिकेतील येल न्यू हेवन रुग्णालयात डॉ. शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या तीन घटकांसह बौद्धिक क्षीणता, झोपेचा अभाव आणि हालचालींचा अभाव अशा सहा गोष्टींवर त्यांनी उपाय योजले. चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, वेळेवर पाणी पाजणे, रात्री शांतता राखणे, स्थळकाळाची आठवण करून देणे, रुग्णाला चालवणे असे ते साधे उपाय होते. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, तर या गटात हे प्रमाण ९.९ टक्के राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात निरीक्षण आणि गोंगाट या विषयांना स्वतंत्र प्रकरणे दिली होती, याचे महत्त्व अशा अभ्यासांतून नव्याने पटते.

दृष्टी अधू असलेला रुग्ण

खोलीत येताना आपले नाव सांगावे आणि जातानाही सांगूनच निघावे. अन्यथा रुग्ण रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. स्पर्श करण्यापूर्वी काय करणार आहोत ते सांगावे. पाणी, घंटा आणि चष्मा यांची जागा ठरलेली असावी आणि साफसफाई करतानाही ती बदलू नये. ताटातील पदार्थ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगण्याची पद्धत सोयीची आहे : 'तीनच्या जागी वाटी, बाराच्या जागी पेला.'

स्टीलच्या ताटाजवळ ठेवलेला स्टीलचा पेला किंवा पारदर्शक ग्लासातील पाणी मंद दृष्टीला वेगळे दिसत नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये गडद रंगाचा, कान असलेला मग ठेवल्यास तो सहज हाती लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला रबरबँड लावून ठेवला, तर गुळण्यांचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांत गल्लत होत नाही. चालवताना रुग्णाचा दंड धरून त्याला ओढू नये; त्याला आपल्या कोपराच्या वर धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे.

श्रवण अधू असलेला रुग्ण

वार्धक्यातील बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. त्यामुळे ओरडून बोलल्यास आवाज कर्कश होतो आणि शब्द अधिकच अस्पष्ट होतात. समोर उजेडात उभे राहून, किंचित खालच्या पट्टीत, संथ आणि छोट्या वाक्यांत बोलावे. तोंडावर मास्क असेल तर ओठांच्या हालचाली झाकल्या जातात. अशा वेळी पाटी किंवा जाड अक्षरांत लिहिलेला कागद वापरावा. श्रवणयंत्राचा सेल चालू आहे का, कानात मळ साठला आहे का, हे आधी पाहावे. 'समजले का?' या प्रश्नाला बहुतेक रुग्ण मान डोलावतात. त्याऐवजी सांगितलेले त्यांच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यावे.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात, तेव्हा हा संवाद विशेष मोलाचा ठरतो. कारण न कळलेल्या रुग्णाला आपल्याला पाणी नाकारले जात आहे, एवढेच दिसते. त्याचा परिचारिकेवरचा आणि घरच्यांवरचाही विश्वास उडतो. दिवसाचे ठरलेले पाणी एका बाटलीत भरून त्याच्यासमोर ठेवले आणि 'हे आजचे, केव्हा प्यायचे ते तुम्ही ठरवा' असे समजावले, तर बंधन सुसह्य होते. तोंड वारंवार ओले करणे, चूळ भरायला देणे, लहान कपातून घोट-घोट पाजणे यांनीही कोरड कमी होते.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या रुग्णाशी संवाद स्पर्शातूनच होतो. हाताला ठरावीक जागी स्पर्श करून आपली ओळख द्यावी, तळहातावर बोटाने अक्षरे काढावीत, पेला हातात देण्यापूर्वी त्याची कड बोटांना लावावी. १९७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या हेलन केलर इन्स्टिट्यूटने अशा व्यक्तींच्या शिक्षणाचे काम महाराष्ट्रात रुजवले आहे.

स्पर्श हरवलेली त्वचा

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. अशा पायांना गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही. पाणी नेहमी परिचारिकेने किंवा घरच्यांनी स्वतःच्या कोपराने तपासावे. अंगावर सूज असेल तर त्वचा ताणलेली आणि नाजूक असते. संवेदना नसल्याने रुग्ण कूस बदलत नाही आणि शय्याव्रण होतात. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायांपेक्षा कमरेच्या खाली, माकडहाडापाशी आधी जमते; तेथे बोटाने दाबून खड्डा पडतो का ते पाहावे.

सलाईनची सुई शिरेतून निसटून द्रव भोवतालच्या मांसात झिरपू लागला, तर सामान्य रुग्ण हात दुखतो म्हणून सांगतो. संवेदना गेलेल्या हाताचा रुग्ण सांगू शकत नाही. तेथे सुईची जागा दर तासाला डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

आवक-जावकीची वही

द्रव-संतुलनाच्या शुश्रूषेचा कणा म्हणजे नोंद. पाणी, चहा, दूध, ताक, पेज, वरणाचे पाणी, सलाईन ही आवक. लघवी, उलटी, जुलाब, नळीतून निघालेला स्राव ही जावक. घरातील कप आणि फुलपात्र एकदा मापून ठेवले, की अंदाज चुकत नाहीत. प्रौढाला तासाला प्रत्येक किलो वजनामागे किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, असा ठोकताळा आहे. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला तासाला निदान ३० मिलिलिटर.

याहून भरवशाची नोंद वजनाची. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. त्यामुळे एका दिवसात वाढलेले वा घटलेले वजन बहुधा पाण्याचेच असते. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्यापूर्वी, तशाच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करावे. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. काट्यावरचा आकडा न दिसणाऱ्या रुग्णासाठी तो मोठ्याने वाचून दाखवावा किंवा बोलणारा वजनकाटा वापरावा. आजाराचा हिशेब रुग्णाच्या हाती राहिला, तर तो उपचारात सहभागी होतो.

वृद्धाच्या हातावरची कातडी मुळातच सैल असते, म्हणून चिमटीची परीक्षा तेथे फसते. ती छातीच्या मधल्या हाडावर करावी. जिभेचा कोरडेपणा, गडद लघवी, उठताना येणारी चक्कर, वाढलेली नाडी आणि वागण्यातील अचानक बदल ही लक्षणे एकत्रच तपासावीत.

औषधे आणि सलाईनचा मोह

औषधांमुळे पाण्याचा तोल आणि इंद्रिये एकाच वेळी अडचणीत येऊ शकतात. फ्युरोसेमाइड हे सूज उतरवणारे औषध मोठ्या मात्रेत आणि वेगाने शिरेतून दिल्यास कानांवर परिणाम होऊ शकतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके आंतरकर्णाच्या पेशींना कायमची इजा करू शकतात, आणि निर्जलीकरणात व मूत्रपिंडे दुबळी असताना धोका वाढतो. आधीच कमी ऐकू येणाऱ्याला आणखी घटलेले श्रवण लवकर उमगत नाही. म्हणून कानात आवाज येतो का, तोल जातो का, हे परिचारिकेने मुद्दाम विचारायला हवे. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड गटातील औषधे काही वृद्धांचे सोडियम उतरवतात. ओठांभोवती वा बोटांत मुंग्या येणे हे कॅल्शियम घटल्याचे, तर अचानक अंधुक दिसणे हे साखर फार वाढल्याचे लक्षण असू शकते. नवी इंद्रियतक्रार आली की रक्ततपासणीचा विचार करावा, तो यासाठीच.

शहरांत 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा' हा आग्रह सर्रास होतो. ०.९ टक्के सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमहून कमी आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीतून २५ ग्रॅम साखर मिळते, म्हणजे पाच-सहा चमचे. दुबळ्या हृदयाला पहिली बाटली घातक ठरू शकते आणि दुसरीने ताकद येत नाही. उतरलेले सोडियमही घाईने वाढवायचे नसते. २४ तासांत आठ ते दहा एककांहून अधिक वाढ मेंदूच्या मज्जातंतूंना इजा करू शकते.

तोंडाने घेता येत असेल, तर जुलाब-उलट्यांमध्ये क्षारसंजीवनी हाच पहिला उपाय आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिची ताकद दाखवून दिली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात पूड मिसळावी. लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवल्यास मिठाचे प्रमाण धोकादायक होते. दृष्टी अधू असलेल्यांसाठी हे द्रावण दुसऱ्याने तयार करून द्यावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडविकारात ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पाणी फुप्फुसात जाऊ शकते. अशा रुग्णाला आडवे असताना काहीही पाजू नये.

डॉक्टरांना केव्हा कळवावे

अचानक असंबद्ध बोलणे किंवा गुंगी, सहा-आठ तास लघवी न होणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, झटका येणे, न थांबणाऱ्या उलट्या, एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे होणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट पाहू नये. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज बरळत असेल, तर तो म्हातारचळ नसून आजार आहे असे धरून चालावे. वेळीच ओळखल्यास तो बहुतेकदा बराही होतो.

ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा तहान जाणवत नाही, त्याच्यासाठी परिचारिकेचे किंवा घरच्या शुश्रूषा करणाऱ्याचे डोळे आणि कान कामी यावे लागतात. पेला भरून ठेवल्याने हे काम पुरे होत नाही. तो रुग्णाच्या हातात द्यावा, रिकामा झाल्याचे पाहावे आणि मग वहीत नोंद करावी.