दृष्ट काढण्याचे साहित्य

वाईट नजर लागल्याच्या समजुतीने ती उतरवण्यासाठी वापरायचे पदार्थ. मराठी घरांत जाडे मीठ, मोहरी व सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन मुलावरून ओवाळतात आणि निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे मानले जाते. मिठाचे तडतडणे खड्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्याने होते. ठसका मिरचीतील कॅप्सेसिनचा. दारावर लिंबू, मिरच्या व बिबवा टांगण्याची चालही याच समजुतीतली.

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे जुनी आहेत. तेथे शेजारच्या तेलुगू घरांची ‘दिष्टी’, म्हणजे दृष्ट उतरवण्याची रीत, रोजच्या पाहण्यातली. घरादुकानांच्या दर्शनी भागी कोहळा टांगणे ही तिची ठळक खूण.

अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळातही दृष्ट काढण्याप्रमाणेच मंत्राला साहित्य लागते. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत उच्चार, हस्तक्रिया आणि पदार्थ अशी मंत्राची तीन अंगे सांगितली आहेत. आगीच्या गोळ्यासाठी वटवाघळाची विष्ठा व गंधक. विजेच्या मंत्राला फरचा तुकडा आणि काचेची किंवा अंबरची कांडी. ही निवड फार कल्पक आहे: अंबर फरवर घासल्यास खरोखर स्थिर विद्युत निर्माण होते, आणि गंधक बंदुकीच्या दारूचा घटक आहे. पुढच्या आवृत्त्यांत मौल्यवान हिरा लागणारे मंत्र मात्र मुद्दाम महाग ठेवलेले, म्हणजे मेलेल्याला उठवणे खेळात स्वस्त होत नाही.