बळीराजाचे धरण

येरळा ही कृष्णेची उपनदी. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून ती वाहते. वाहते म्हणायचे एवढेच. एरवी पात्रात दिसते ती वाळू. पण ही वाळू म्हणजे नदीचा माठच. कणांमधल्या पोकळ्यांत पावसाचे पाणी साठते आणि काठच्या विहिरींना झिरपत राहते. ठेकेदारांनी वाळू उपसली, तशा विहिरी आटू लागल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. तालुक्यातले अनेक कामगार गावी परतले, तर गावी दुष्काळ! मुक्ती संघर्ष चळवळ वाढली ती या प्रश्नावर. लोकविज्ञान चळवळीतील मंडळी गावकऱ्यांबरोबर बसली. पूर्वी पिके कोणती होती, विहिरींना पाणी कुठवर असे, हे जुन्याजाणत्यांकडून समजून घेतले.

बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर स्वतःच धरण बांधायचे ठरवले. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक मार्गदर्शन केले. पैसा मात्र वाळूतूनच उभा करायचा होता. वाळूसाठी भांडणाऱ्यांनीच ती विकावी, हे विचित्र वाटेल. पण वाद किती उपसायची आणि कोणासाठी, याचा होता. परवानगीसाठीही आंदोलन करावे लागले.

याहून अवघड होती पाण्याची वाटणी. जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर दर कुटुंबाला सारखे पाणी, आणि ऊस नाही, असे ठरले. भूमिहीनांनाही वाटा. जमीनच नाही, तर त्यांनी पाण्याचे करायचे काय? वाट्याने शेती: जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचे.