स्तन कर्करोग प्रतिरोध प्रथिनाचे संप्रेरक नियमन

स्तन कर्करोग प्रतिरोध प्रथिन (बीसीआरपी) हे पेशीत शिरलेली अनेक औषधे बाहेर टाकणारे, पेशीपटलातील एक प्रथिन आहे. मायटोझँट्रोन, टोपोटेकॅन ही त्यांपैकी काही औषधे होत. चौथ्या गुणसूत्रावरील एबीसीजी२ या जनुकापासून ते तयार होते. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही आढळतात. त्यामुळे या जनुकावर इस्ट्रोजेनचा काय परिणाम होतो, या प्रश्नाला महत्त्व आहे.

शोध

इ.स. १९९८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या डॉयल, रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन शोधले. त्यांनी अभ्यासलेल्या एमसीएफ-७ या वंशाच्या पेशी डॉक्सोरुबिसिन आणि व्हेरापामिल यांच्या सान्निध्यात वाढवून प्रतिरोधक झालेल्या होत्या. व्हेरापामिल हे पी-ग्लायकोप्रथिन या आधीपासून ज्ञात असलेल्या पंपाला अडवते. तो बंद असूनही पेशी औषधाला दाद देत नव्हत्या. अर्थात दुसरा पंप असला पाहिजे. प्रथिनाचे नाव मात्र काहीसे दिशाभूल करणारे आहे. निरोगी शरीरात अपरा, आतडे, यकृत व मेंदूतील रक्तवाहिन्या येथेही ते असते आणि तेथे त्याचे कार्य संरक्षणाचे आहे.

संप्रेरकांचा परिणाम

एबीसीजी२ जनुकाच्या प्रारंभक भागात इस्ट्रोजेनग्राही जोडला जाईल असा अनुक्रम आहे. इ.स. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टी४७डी वंशाच्या पेशींना इस्ट्राडायोल दिल्यावर या जनुकाचा संदेशवाहक आरएनए वाढला. टॅमॉक्सिफेन आधी दिल्यास ही वाढ झाली नाही. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांना एमसीएफ-७ पेशींत उलट चित्र दिसले. तेथे इस्ट्राडायोलमुळे आरएनए तेवढाच राहूनही प्रथिन घटले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचा संबंध दोन निरनिराळ्या टप्प्यांशी आहे. पहिला प्रतिलेखनाचा, तर दुसरा त्यानंतर प्रथिन घडण्याचा. म्हणून केवळ आरएनए मोजून पंपाच्या बळाविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

उपचारांशी संबंध

इस्ट्रोजेनविरोधी औषधाने पंप दुबळा होईल की बळावेल, हे वरील दोन परिणामांपैकी कोणता प्रबळ ठरतो यावर अवलंबून राहील. हे प्रयोग संवर्धित पेशींवरील असल्याने ते रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पंपालाच अडवणारे फ्युमिट्रेमॉर्जिन सी हे बुरशीजन्य द्रव्य प्रभावी असले तरी मज्जासंस्थेस विषारी आहे. केओ१४३ हे त्याचे कमी विषारी रूप प्रयोगशाळेत वापरले जाते.