न विणलेलं जेन

भातखाचरं मोकळी झाली की देशावरून कोकणाच्या वाटेला लागलेले धनगर आमच्या वराळ्यात इंद्रायणीकाठी उतरायचे. रात्री मेंढरं खाचरात बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य द्यायचं, हा जुना व्यवहार. आमच्या आजीने एका साली पदरचं भात जास्त घालून त्यांच्याकडून जेन, म्हणजे लोकर तुडवून केलेलं अंथरूण, घेतलं. काळंभोर, बोटभर जाड. मावळच्या पावसात सारवलेल्या जमिनीला ओल सुटायची, तेव्हा घरातल्या बाळंतिणीखाली आणि म्हाताऱ्यांखाली तेच अंथरलं जायचं.

घोंगडी सगळ्यांना ठाऊक आहे. तिची खोळ घेऊन आमच्या पिढ्यांनी भाताची लावणी केली. जेन मात्र विस्मरणात गेलं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. घोंगडीला सूत लागतं, माग लागतो, चिंचोक्याची खळ लागते. जेनाला यातलं काही नको. कातरलेली लोकर पिंजायची, चटईवर थरावर थर पसरायचे, पाणी शिंपडायचं, वळकटी करून तुडवायची. उलगडायची, विरळ जागा भरायची, पुन्हा तुडवायची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे गुंततात की परत सुटत नाहीत. थर कुठे बसला, कुठे नाही, हे तळपायाला कळावं लागतं. म्हणून पोराने बापाबरोबर तुडवूनच ही विद्या घ्यायची. काश्मीरचा नमदाही असाच होतो. सायबेरियात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांतून निघालेलं असं कापड सुमारे २,३०० ते २,४०० वर्षांपूर्वीचं आहे, आणि अजून शाबूत आहे.

मिलच्या स्वस्त ब्लँकेटांनी हा धंदा बुडवला, असं सांगतात. ते अर्धंच खरं. मेंढीच बदलली. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी, जेनाला लागते तशी. मटणाला भाव आला तसे धनगर माडग्याळसारख्या थोराड, पण कमी लोकरीच्या जातीकडे वळले. त्यांना बोल कसा लावायचा? लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही; कित्येक जण ती रानातच टाकून पुढे जातात. लोकरच हाती येत नसेल, तर तुडवणाऱ्याच्या पोराने शिकायचं तरी कशावर?

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेलात, तर घोंगडीवाल्यांकडे जेनाची चौकशी करा. मिळालं तर घासाघीस न करता घ्या.