ई-मेल सर्व्हरच्या जोडणीची परीक्षा : एक ऐतिहासिक टिपण

पत्र न पाठविता, केवळ आज्ञावलीतून ई-मेल सर्व्हरची जोडणी कशी पारखावी, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी सिद्ध केलेल्या ‘आरएफसी ८२१’ या संहितेत सर्व्हरने २२० या अंकाने स्वागत करावे, आगंतुकाने ‘हेलो’ म्हणून नाव सांगावे व २५० हा होकार घ्यावा, एवढाच शिष्टाचार होता. ओळख पटविण्याची सोय तीत नव्हती. साहजिकच परीक्षा म्हणजे पलीकडे कोणी ऐकत आहे काय, इतकेच पाहणे होय.

पुढे अनाहूत पत्रांचा उपद्रव वाढला. डिसेंबर १९९८ मध्ये पत्रे दाखल करण्यास ५८७ हे स्वतंत्र पोर्ट नेमले गेले. १९९९ मध्ये जानेवारीत गुप्ततेसाठी ‘स्टार्ट-टीएलएस’ व मार्चमध्ये ओळखीसाठी ‘ऑथ’ या आज्ञा आल्या. आता पोर्टच न उघडल्यास दोष पत्त्यात, पोर्टक्रमांकात किंवा मार्गातील अटकावात शोधावा. ५३५ हा अंक आल्यास नाव वा परवलीच्या शब्दात.

तथापि प्रेषकाचा पत्ता ग्राह्य आहे किंवा नाही, हे पुढील ‘मेल’ आज्ञेवाचून कळत नाही. यास्तव जोडणी सिद्ध झाली म्हणजे पत्र पोचेलच, असे अनुमान काढणे युक्त नव्हे.